दीड तास शिजलेली फरसबी

मी खोटं बरं बोलते. घराघरात हे काम कुणीतरी अंगावर घ्यावंच लागतं, आणि आमच्या घरात ते माझ्याकडे आलं, कारण नवरा इंजिनिअर आहे आणि त्याला खरं बोलायची वाईट खोड आहे. तरी जेवणाच्या बाबतीत मी कधी खोटं बोलले नव्हते. ती वेळ सासऱ्यांनी आणली.

सासरे आमच्याकडे दोहाला आले तेव्हा सासूबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. निफाडच्या घरात ते एकटेच राहत. सकाळचा चहा स्वतः करायचे आणि दोन्ही वेळचा डबा एका बाईंकडून यायचा. नवऱ्यानं फोनवर दाताच्या कण्या केल्या तेव्हा कुठे व्हिजिट व्हिसावर यायला तयार झाले. एकदा आले की व्हिसा वाढवायचा आणि हळूहळू त्यांना इथेच ठेवून घ्यायचं, असा आमचा दोघांचा बेत होता. दोघांचा, हे मुद्दाम सांगते, कारण नातेवाइकांचा त्यावर विश्वास बसत नाही. सासऱ्यांचं आणि माझं लग्नापासून वाजतं. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कुणाच्या शेताला किती पाणी सोडायचं हे ठरवण्यात जन्म गेला, त्यामुळे माझ्या चहातलं पाणीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मी उलट उत्तर देते, ते त्याला उलट उत्तर देतात. सासूबाई मध्ये बसून शेंगा सोलत हसायच्या. आता हसणारं माणूस गेलं होतं आणि भांडणारे दोघंच उरलो होतो.

आल्या आल्या त्यांनी माझ्या स्वयंपाकाची तपासणी सुरू केली. भाकरी वातड. मटण कच्चं. चवळीच्या उसळीला ते "गोट्या" म्हणाले. अर्धं ताट बाजूला सारायचे आणि "खलास!" म्हणून उठायचे. अरबीत "पुरे" म्हणायलाही खलासच म्हणतात, हे ते आमच्या बिल्डिंगच्या नातूरकडून, म्हणजे रखवालदाराकडून, दोन दिवसांत शिकले होते आणि त्यांना तो फार आवडला होता. ज्या माणसानं निफाडला माझ्यादेखत तीन भाकऱ्या, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा खाऊन वर "भात नाही का?" विचारलं होतं, तो माणूस दोहातल्या आमच्या अल हिलालच्या फ्लॅटमध्ये चिमणीएवढं खात होता.

मी भडकले. सासूबाईंच्या हातची चव नाही म्हणून मला टोमणे मारताहेत, असं माझ्या डोक्यात बसलं. सरळ सांगायचं तर ते मला लागलं. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर शिक्के मारायचे आणि घरी येऊन भाकरी थापायची, ती काय गोट्या ऐकायला?

मग एका शनिवारी वॉशिंग मशीननं पोटातलं ओकलं. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, सदऱ्याच्या खिशात टिश्यू पेपरात गुंडाळलेली भाकरी राहिली होती. ती स्वच्छ धुऊन निघाली आणि माझ्या ऑफिसच्या काळ्या पँटला चिकटून बाहेर आली. मी ती खरवडत बसले आणि विचार करत राहिले. आवडली नाही तर माणूस ताटात टाकतो. खिशात कशाला लपवेल?

दुसऱ्या दिवशी बाबा खाली नातूरशी गप्पा मारायला गेले तेव्हा मी त्यांचे कपडे कपाटात ठेवायला गेले. ठेवायलाच गेले होते. पण रुमालांच्या मागे एक स्टीलची डबी दिसली, सुपारी ठेवतात तसली, आणि सुपारी तर ते खात नाहीत. मी उघडली. आत वरची आणि खालची, अख्खी बत्तिशी. कवळी. मी डबी बंद केली. परत उघडली. ती माझ्याकडे बघून हसतच होती.

एकदा डबी बघितल्यावर सगळं दिसायला लागलं. बोलताना मिशीवरून हात फिरवायची त्यांची नवी सवय मला परदेशी आल्याचा रुबाब वाटली होती. निघण्याआधी त्यांनी नाशिकला उरलेसुरले दात काढून घाईघाईत कवळी बसवली होती आणि कुणाला सांगितलंच नव्हतं. हिरड्या बसल्या की पुन्हा दाखवायला या, असं डॉक्टर म्हणाला होता, पण विमान आलं मध्ये. आता कवळी ढिली होऊन टोचत होती. ते ती फक्त आमच्यासमोर लावायचे आणि एरवी डबीत ठेवायचे. हे मला त्यांनी फार नंतर सांगितलं.

सरळ विचारायचं की, असं म्हणणाऱ्यानं एकदा त्यांची सून होऊन बघावं. सासऱ्याच्या तोंडात काय आहे आणि काय नाही, हे सुनेनं बोलायचं नसतं. त्यातून बाबांच्या थोरल्या भावाचं प्रकरण होतं. त्यांना कवळी लागली तेव्हा बाबांनीच लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर त्यांच्या हातात उसाचं कांडं दिलं होतं आणि "घ्या दादा, लाजू नका" म्हटलं होतं. वीस वर्षं हा किस्सा सांगून हसलेल्या माणसानं आता कुठल्या तोंडानं सांगावं? नवऱ्याला सांगायची तर सोयच नव्हती. तो ताटावरच "बाबा, दात बसत नाहीत का?" म्हणाला असता आणि दुसऱ्या दिवशी दारात बॅग भरलेली दिसली असती.

म्हणून मी गुपचूप मऊ भात केला. वर मेतकूट, तूप; पापड मात्र मुद्दाम नाही. बाबांनी ताटाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"मी आजारी आहे का, सूनबाई?"

"नाही, बाबा."

"मग बाळंतीण आहे का?"

भात तसाच राहिला. चूक माझी होती. मऊ भात आपल्याकडे दोघांच्याच ताटात पडतो, एक दात न आलेला आणि दुसरा अंथरुणाला खिळलेला. त्यांना मऊ हवं होतं, पण मानाचं मऊ हवं होतं.

ते मला मुशैरिब भागातल्या आमच्या ऑफिसच्या मीटिंगरूममध्ये सापडलं. प्रत्येकानं घरचा एकेक पदार्थ आणायचा, असला कार्यक्रम होता. माझ्या शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन बाई बसते. दक्षिणेकडची, अलाबामाची. वयानं पंचावन्नची, आवाजानं मोठी, आणि बॉसपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना "हनी" म्हणणारी. तिनं फरसबी आणली होती. झाकण उघडलं तर रंग जुन्या लष्करी पिशवीचा. मला तिची दया आली, बिचारी गॅसवर विसरलेली दिसते. मग एक घास खाल्ला. धुराचा वास, मिरीचा झणका, शेवटी जराशी आंबट, आणि शेंग तोंडात गेल्या गेल्या विरघळली. मी पुन्हा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं ते चवीसाठी नव्हे. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून दात न लावता, नुसती जीभ टाळूला घासून खाऊन बघितलं. जमलं. अकाउंट्सचा माणूस माझ्याकडे बघत होता, पण देशसेवेत असं चालायचंच.

"किती वेळ शिजवतेस?" मी तिला विचारलं.

"दीड तास. दोन झाले तरी बिघडत नाही."

"दीड तास? फरसबी?"

"हनी, आमच्याकडे भाजी शरण येईपर्यंत शिजवतात."

तिनं कृती सांगितली. लोण्यात कांदा मऊ करायचा, लसूण घालायची, मग धुरावलेला मांसाचा तुकडा. तिच्या घरी डुकराचा घालतात, इथे ती टर्कीच्या तंगडीवर भागवते. पाणी, मिरी, मीठ, चिमूटभर साखर, शेंगा, झाकण आणि बारीक गॅस. उतरवताना चमचाभर व्हिनेगर. "आणि मध्ये हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हेच सगळ्यात अवघड असतं."

मी मनात म्हटलं, त्यात काय अवघड?

शुक्रवारी सकाळी मी अमेरिकन जेवणाची घोषणा केली. बाबांना शेंगांच्या शिरा काढायला बसवलं. त्यांनी एकेक शेंग बोटाला लावून सारख्या मापाची मोडली आणि माझ्या वाकड्या तुकड्यांचा ढीग वेगळा केला. भाजी गॅसवर चढली. वीस मिनिटांनी झाकण उघडलं तर काय सुंदर हिरव्यागार दिसत होत्या! माझ्या आईनं मला लहानपणापासून शिकवलं, भाजीचा रंग गेला की करणारीची अब्रू गेली. माझा हात आपोआप पुढे गेला आणि गॅस बंद झाला. मग चव घेतली. अगदीच अळणी, गोऱ्यांचं जेवण. दुसरा हात फोडणीच्या कढल्याकडे गेला. तेल, भरपूर मोहरी, हिंग, कढीपत्ता. चर्र झालं तेव्हा बरं वाटलं. वर मूठभर ओलं खोबरं भुरभुरलं, तेही आपोआपच. मोहरी कवळीखाली गेली की काय होतं, याचा विचार ज्या डोक्यानं करायचा, ते डोकं फोडणीच्या वासानं गुंगलं होतं.

बाबांनी मोठा घास घेतला. एकदा चावला. त्यांचे डोळे भरून आले. ते तसेच उठून बाथरूममध्ये गेले. बराच वेळ नळ वाहत होता. नवरा म्हणाला, "तिखट झाली का गं?" मी माझ्या ताटातल्या मोहऱ्या मोजत बसले.

तासाभरानं ते खोलीतून बाहेर आले आणि मुलाला म्हणाले, "माझं तिकीट काढ. व्हिसा वाढवू नको."

"का, बाबा?"

"तिकडे माझं घर आहे."

व्हिसा संपायला वीस दिवस होते. नवरा समजावत राहिला आणि मी त्यांच्या पट्ट्याकडे बघत राहिले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं त्याला दोन नवी भोकं पाडली होती. निफाडला गेले की डब्यातली भाकरी तशीच परत जाईल, चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस काढतील आणि फोनवर "जेवलो" म्हणतील. आमच्यापैकी कुणाला पत्ताही लागणार नाही. त्या दुपारी मला खरोखर भीती वाटली. माझ्याशी इतकं सुरेख भांडणारं दुसरं माणूस मला कुठे मिळणार होतं?

शनिवारी पुन्हा फरसबी आणली. ह्या वेळी मुलीला स्वयंपाकघरात पहाऱ्याला बसवलं. ती अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. फोनवर दीड तासाचा गजर लावून ती स्टुलावर बसली.

पंचविसाव्या मिनिटाला मी झाकणाला हात लावला.

"मम्मा, नो."

चाळिसाव्या मिनिटाला मी हिंगाची डबी घेऊन निघाले. तिनं ती हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवली. तासाभरानंतर आतून येणारा वास मला आवडायला लागला, पण रंगाकडे बघवत नव्हतं. गजर वाजला तेव्हा शेंगा शरण आल्या होत्या.

आता त्यांना खायला लावायचं होतं. तिथे माझा हातखंडा.

"बाबा, तिकिटाचं तो बघतोय," मी म्हटलं. "सुट्ट्यांमुळे विमानं भरलीत. तोवर ही भाजी जरा तपासून सांगा. ऑफिसातली अमेरिकन म्हणाली, इंडियन लोकांना ही जमणारच नाही. कालची तर बिघडलीच."

"ती म्हणाली?"

"सगळ्यांसमोर."

बाबा पाटाच्या पाण्याचं गेट तपासायला निघाल्यासारखे ताटावर बसले. एक शेंग उचलली, निरखली, तोंडात ठेवली. दुसरी उचलली. मग त्यांनी बकालातनं, म्हणजे वाण्याच्या दुकानातनं, आणलेली खुबूस, ती मऊ अरबी रोटी, तोडली, वाटीतल्या पाण्यात बुडवली आणि खायला लागले ते वाटी रिकामी होईपर्यंत थांबले नाहीत. पुन्हा वाढलं. पुन्हा. चौथ्या वाटीला मान वर करून म्हणाले, "मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे."

"ओव्हरसियर मी होतो का तू?"

मला इतका आनंद झाला की मी मीठ आणून दिलं.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरावर अमेरिकेचं राज्य आलं. दुधी अमेरिकन, गवार अमेरिकन, मटण तीन तास अमेरिकन. कोबीला मी अलाबामाचा मुख्य पदार्थ म्हणून जाहीर केलं. सगळ्यांना सारखंच वाढत होते, नाहीतर बिंग फुटलं असतं. मुलगी म्हणाली, "मम्मा, धिस इज बेबी फूड." मी तिला डोळे वटारले. नवरा बिचारा पातेल्यात चमचा घालून काहीतरी टणक शोधायचा.

घरात अशी गोष्ट लपवायची असली की कळतं, आपली भाषा दातांनी गच्च भरलेली आहे. नवरा बॉसवर दातओठ खायचा. मुलगी दात काढायची. एका संध्याकाळी, तरुणपणी वेळ होता तेव्हा गाडी नव्हती आणि आता गाडी आहे तर वाळवंटात फिरायला वेळ नाही, असं सांगून नवरा बाबांकडे बघत खुशाल म्हणाला, "काय करणार, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत." माझ्या हातातला डाव खाली पडला. बाबा गंभीरपणे म्हणाले, "खरं आहे." आणि भात कालवत राहिले.

ते खात होते, पण राहतो असं म्हणत नव्हते. व्हिसाचं विचारलं की "बघू." तिकिटाचंही दोन दिवसांआड निघायचं आणि मी दर वेळी विमानं भरत होते. व्हिसा संपायला आठ दिवस राहिले तेव्हा बाबांनीच फर्मावलं, त्या अमेरिकन बाईला जेवायला बोलाव, साखर का घालते ते मला विचारायचंय.

ती शुक्रवारी आली, मक्याचा गोडसर ब्रेड घेऊन. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, कवळी लावून, ताठ बसले होते. जेवण छान चाललं. बाबांच्या वाटीत तिसऱ्यांदा फरसबी पडली तशी ती त्यांच्याकडे बघत कौतुकानं इंग्रजीत काहीतरी बोलली. ते काय होतं हे मला कळलं आणि माझी दातखीळ बसली. नवरा स्वयंपाकघरात पाणी आणायला गेला होता. पण मुलगी होती. जन्मात पहिल्यांदा ती पाहुण्यांसमोर अख्खं मराठी वाक्य बोलली, मोठ्यानं आणि स्पष्ट.

"आजोबा, त्या म्हणतात, त्यांच्या आजोबांचे दात गेले होते, म्हणून त्यांच्या घरी ही भाजी करायचे."

बाबांचा हात मिशीवर गेला आणि तिथेच थांबला. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. संपलं सगळं, असं वाटलं. सहा दिवसही थांबायचे नाहीत आता.

"विचार त्यांना," बाबा नातीला म्हणाले, "त्यांच्या आजोबांना लाज वाटायची का?"

मुलीनं विचारलं. ती बाई हसली आणि मुलीनं उत्तर जसंच्या तसं मराठीत आणलं. "आधी वाटायची. ते ताटावर बसायचेच नाहीत. मग आजीनं सगळ्यांनाच तसलं वाढायला सुरुवात केली. मग कुणाला दात आहेत, कुणाला नाहीत, काही कळायचंच नाही."

बाबांनी आमच्या ताटांवरून नजर फिरवली. मुलाचं अर्धवट ताट, नातीचं ताट, माझं ताट. सगळ्यांत तोच लगदा. ओव्हरसियरची नजर एकेका ताटावर थांबत गेली आणि शेवटी माझ्यावर आली. मी आयुष्यात त्यांच्यासमोर मान खाली घातली नव्हती, त्या दिवशी घातली.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडापुढे धरला, घडी घातली आणि रुमाल ताटाशेजारी ठेवला. गाल आत गेले होते. एकदम म्हातारे दिसले.

"वाढ," ते म्हणाले.

मी वाढलं. नवरा पाण्याचा जग घेऊन येऊन बसला, वडिलांकडे बघितलं, मग रुमालाकडे, आणि बोलायला तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. आमच्या लग्नातली माझी ही सर्वांत उपयोगी लाथ.

पाहुणी गेल्यावर बाबा भांडी घेऊन स्वयंपाकघरात आले. असं ते कधी करत नाहीत. ओट्याला टेकून उभे राहिले. मिशीवर हात नव्हता आणि शब्द जरा पसरट येत होते.

"इथे दातांचा डॉक्टर असेल ना?"

"आहे. आपलाच आहे, पुण्याचा."

"किती खेपा लागतील?"

"चार-पाच. मध्ये हिरड्या बसेपर्यंत थांबावं लागतं. दोन-तीन महिने जातील, बाबा."

त्यांनी हातातली ताटं एकावर एक नीट लावली, मोठं खाली, लहान वर.

"मग त्याला सांग, व्हिसा वाढव म्हणून. पण डॉक्टरकडे तू ने मला. तो आत येईल आणि सगळं विचारत बसेल."

"त्याला काय सांगू कुठे चाललोय म्हणून?"

"ते तू बघ. तुला सुचतं."

मी नळ सोडला. ते जायला वळले आणि दारात थांबले.

"ही असती तर तिला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," ते म्हणाले. "आता तुलाच सांगत जाईन."